कोपऱ्यातली गोणी

तालमीतली माती मी रोज झाडतो. किस्से झाडले जात नाहीत, साचतच जातात.

अमळनेरला माझी तालीम आहे. पोरं तिला जिम म्हणतात, म्हणू देत. नियम एकच. पहिल्या दिवशी खरं सांगायचं, अंग कशासाठी कमवायचं आहे. "तब्येतीसाठी" म्हणणाऱ्याला मी घरी पाठवतो. तब्येतीसाठी पहाटे पाचला कोणी उठत नाही!

माझं कारणही सांगून टाकतो. कोपऱ्यात वाळूची एक गोणी आहे, ती फक्त मी उचलतो. मुलगा धुळ्याला असतो. त्याने स्वतःच्या मनाने लग्न केलं, मी पत्रिका परत पाठवली. त्याची मुलगी आता नऊ वर्षांची आहे. मी तिला पाहिलेलं नव्हतं. एकदा तरी उचलायची होती. ती वाढते, म्हणून दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गोणीत वाळू वाढवतो. धुळे इथून तासाभरावर आहे.

* * *

प्रमोद मोबाइलच्या दुकानात काम करतो. एक मुलगी त्याच्या मनात भरली होती. तिच्या घरून निरोप आला, मुलगा फार बारीक. आठ महिने त्याने अंडी खाल्ली, जोर काढले. तोवर तिचं लग्न ठरलं. हा लग्नात जेवून आला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हजर!

"आता कशाला आलास?"

"आबा, तिना नवरा दखा. मन्हापेक्षा बारीक शे!"

त्या दिवशी त्याने डंबेल फार जोरात आपटले.

* * *

पाटील सर शाळेतून रिटायर झालेले. वजन उतरवायला आले. हिवाळ्यात तालमीची भरीत पार्टी असते, शेतात. सर म्हणाले, "आबा, वांगं म्हणजे भाजीच ना!" पुऱ्या किती झाल्या, ते त्यांनी मोजलं नाही. दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर उभे राहायला तयार नाहीत!

* * *

याच सरांनी पुढे एक जुना सफारी सूट आणला. त्यात मावायचं, एवढंच त्यांचं कारण. बायको म्हणायची, "यात तुम्ही माणसात दिसता." ती जाऊन चार वर्षं झाली. वर्षभराने बटण लागलं. सर आरशासमोर उभे राहिले.

"आता कोणाला दाखवू?"

"मला दाखवा," मी म्हटलं.

ते वळले. मी नीट पाहिलं.

"माणसात दिसता."

* * *

अक्का साठीच्या, शेजारच्या. पदर खोचून येतात. दरवर्षी श्रावणात कानबाई देवी बसते, तिला डोक्यावर घेऊन त्या विसर्जनाला नदीपर्यंत चालत. गुडघे दुखायला लागले, तशी सून म्हणाली, "तुम्ही रिक्षात बसा." म्हणून अक्का तालमीत! डोक्यावर पाट, पाटावर दोन विटा, आणि चकरा. प्रमोद हसला, तर म्हणाल्या, "तू घे रे डोक्यावर!" त्याच्या विटा तिसऱ्या पावलाला पडल्या.

एक दिवस त्यांनी मलाच विचारलं, "आबा, तुम्ही कशासाठी?"

नियम माझाच. सांगावं लागलं.

"कानबाईला भाऊबंद एकत्र येतात," अक्का म्हणाल्या. "पोऱ्याला बोलवा."

"मी बोलावणार नाही."

"मी बोलावते. नंबर सांगा."

नंबर मला पाठ होता.

* * *

श्रावणात मुलगा आला. बायको बरोबर, मुलगीही. बोलणं बेताचंच झालं. मुलगी बापाच्या मागे उभी. उंच आहे, माझ्या खांद्याला लागते. मी हात पुढे केले नाहीत.

विसर्जनाला अक्का नदीपर्यंत चालत गेल्या, न थांबता. परत येताना त्यांनी मुलीला तालमीत आणलं. मी मागून आलो. मुलगी सगळीकडे फिरली आणि गोणीपाशी थांबली.

"ही कोणाची?"

अक्काच म्हणाल्या, "तुनंच वजन शे ते, बेटा. तुना आबा रोज उचलतस."

मुलीने गोणीला हात घातला. ओढली. हलली नाही. ती माझ्याकडे वळली, रागावलेली.

"मी एवढी जाड नाहीये!"

मी खाली बसलो, सुतळी सोडली, दोन ओंजळी वाळू काढली.

ती समोर बसली.

"अजून," म्हणाली.