पाचची धार, सहाचा पडदा

बारामतीच्या नाट्यगृहात गेल्या दहा-बारा वर्षांत गाण्याचे आणि हसवायचे जेवढे कार्यक्रम झाले, त्या सगळ्यांचा मधला भाग मला तोंडपाठ आहे. सुरुवात एकाचीही पाहिली नाही आणि शेवट तर एकाचाही नाही. आम्ही दार ढकलून अंधारात शिरतो तेव्हा गायक दुसऱ्या कडव्यात असतो. लोकांच्या गुडघ्यांवरून, पर्सवरून आणि एकदा तर एका साहेबांच्या मांडीवरून वाट काढत खुर्ची गाठतो. घटकाभर बसतो न बसतो तोच गायक घाम पुसत म्हणतो, "आता शेवटची तीन गाणी." की आम्ही उठलोच. माझा तर बरेच दिवस समज होता की कलाकार मंडळी मधूनच सुरू होतात आणि मधेच थांबतात.

याला कारण दूध. वडगाव निंबाळकरच्या शिवारात आमचा सहा गायींचा गोठा. संध्याकाळची धार पाचला. मग कॅन घेऊन डेअरीची रांग, फॅट लागतंय का नाही याची धाकधूक, यात सात वाजतात. त्यानंतर अंगाचा शेणाचा वास जायला दोन बादल्या पाणी आणि अर्धा साबण. मग मोटरसायकलला किक. त्यात कारखाना सुरू असला की रस्त्यात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या पुढे. एकदा अशा ट्रॉलीमागे इतका वेळ अडकलो की मागच्या उसाला कोंब फुटलेले मी या डोळ्यांनी पाहिले. आणि पहाटे चारला पुन्हा धार असते, म्हणून शेवटपर्यंत बसायची सोय नाही.

कार्यक्रम मात्र ठेवतात सहाला. म्हणजे अख्ख्या तालुक्यातल्या कासा भरून येतात, नेमका तोच मुहूर्त. दुधाच्या मुलखात सहाचा कार्यक्रम ठेवणारा माणूस एक तर काळा चहा पीत असणार, नाहीतर दूध पिशवीत पिकतं असं समजत असणार. दोनदा मी आयोजकांना भेटून सांगितलं, "आठला ठेवा." ते म्हणाले, "सूचना चांगली आहे." तेव्हाच ओळखलं की होत नाही.

मला एकवेळ अर्धं चालायचं. चालायचं नाही ते आमच्या मंडळींना. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली. या बाईने साडी, दागिना, सहल यांतलं काही हट्टाने मागितलं नाही. मागणं एकच. "पडदा उघडायच्या आधी खुर्चीत बसायचं. आन दिवं लागूस्तोवर उठायचं न्हाय. एकदा. आयुष्यात एकदा."

ती पळसदेवची. उजनीचं पाणी उतरलं की तिथलं जुनं देऊळ वर येतं, आधी शिखर, मग खांब, मग पायऱ्या. त्यावरून मला ऐकवायची, "आमच्या देवळाला उन्हाळाभर थांबलं, तर पायरीपतुर समदं दिसतं. तुमच्या संगं कार्यक्रमाचं निस्तं खांबच बघतीया मी."

आता तुम्ही म्हणाल, धार दुसऱ्या कुणाला काढू द्यावी. पाच गायींचं काही नाही, त्या मशीनला दूध देतात. सहावी बांडी. काळी-पांढरी, उंचीला बैलगाडीएवढी आणि अक्कल माझ्यापेक्षा जास्त. मशीन पहिल्यांदा लावलं तेव्हा तिने ते लाथेने असं उडवलं की शेजाऱ्याच्या डाळिंबातून शोधून आणावं लागलं. तिला हाताचीच धार लागते, हात माझाच लागतो, आणि धार काढताना मला बोलत राहावं लागतं. गप्प बसलो की पान्हा आखडते. बोलायचंही तिच्या पसंतीचं. ऊसदराचं काढलं की शेपटी तोंडावर मारते. कुणाच्या लग्नातली भांडणं सांगितली की दोन लिटर जास्त देते.

दोन वर्षांपूर्वी इंदापूरला गाण्याचा मोठा कार्यक्रम होता. हिच्या आवडीची गायिका येणार होती. ही स्वयंपाक करताना जिची गाणी म्हणते आणि भाकरी करपवते, तीच. मी कऱ्हाटीच्या साडूंना बोलावून घेतलं.

"त्यात काय एवढं, पाव्हणं? रोज धा गायी पिळतो मी," साडू म्हणाले आणि बाह्या वर केल्या.

आम्ही चारलाच निघालो. ही मागे बसलेली, नवी साडी, केसात गजरा. बारामती ओलांडून इंदापूरच्या रस्त्याला लागलो आणि फोन वाजला.

"पाव्हणं, कास दगडावानी झालीया. आन मी भिताडाला टेकलोय."

"लाथ मारली का?"

"एक मारली व्हय? मोजायचं सोडून दिलं मी."

मी म्हटलं, फोन तिच्या कानाला लावा. साडूंनी लावला. आणि मी रस्त्याच्या कडेला उभा राहून बांडीला एका लग्नातली गोष्ट सांगू लागलो, जेवणाच्या पंगतीत व्याही रुसला ती. रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजात तिला ऐकू जाईना म्हणून ओरडून सांगू लागलो. एक ट्रॅक्टर थांबला. मग दोन मोटरसायकली. मग एस.टी. थांबली आणि खिडक्यांतून माणसं बाहेर आली. तिकडून साडूंचा आवाज, "सोडलं! पाव्हणं, सोडलं दूध! थांबू नका!" मी थांबलो नाही. व्याही मांडवातून निघून गेला, त्याला परत आणला, तो परत गेला. आणि ऐन रंगात रेंज गेली.

पुन्हा लागली तेव्हा साडू फक्त कण्हत होते. गाडी वळवली. एस.टी.तला एकजण ओरडत राहिला, "पण व्याह्याचं पुढं काय झालं?" ही मागे बसून होती. घरी आल्यावर गजरा काढून तिने बांडीच्या गव्हाणीत टाकला. बांडीने तो खाल्ला.

त्यानंतर दोन वर्षं ती कार्यक्रमाचं नाव काढेना. काढत नव्हती म्हणून मला जास्त जड जायला लागलं.

मग यंदा हिवाळ्यात जाहिरात आली. पुण्याकडचा एक हसवणारा पोरगा, एकटाच माईक घेऊन उभा राहतो आणि लोकांना लोळवतो, त्याचा कार्यक्रम बारामतीत. रविवारी. दुपारी एक वाजता! मी जाहिरात तीनदा वाचली. एक ते तीन कार्यक्रम, चारला घर, पाचला धार. एवढं नेटकं गणित मी शाळेतही सोडवलं नव्हतं. त्याच मिनिटाला मोबाइलवरून तिसऱ्या रांगेतली दोन तिकिटं काढली.

साडेबाराला आम्ही खुर्चीत. समोर बंद पडदा. लाल, मखमली, खाली सोनेरी झालर. ही दोन्ही हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे अशी बघत होती, जणू पडदा हाच कार्यक्रम. मागच्या रांगेत आमच्या गावच्या बचत गटाच्या बायका जीप करून आल्या होत्या.

एक वाजला. दीड वाजला. आयोजक पडद्यापुढे आले. "कलाकारांची गाडी वाटेत अडकली आहे. तोवर आपण मान्यवरांचा सत्कार उरकून घेऊ." उरकून म्हणे! मान्यवर संपेनात. शाली संपल्या तेव्हा पहिल्या मान्यवरांची शाल परत मागून घेऊन शेवटच्या मान्यवरांना घातली. सव्वादोन वाजले. मी घड्याळाकडे बघतोय, ही पडद्याकडे. मग आयोजकांनी घाम पुसत विचारलं, "प्रेक्षकांतून कुणी काही सांगणार का? एखादी गंमत?"

मागून बायका ओरडल्या, "तात्या! आवो तात्या, उठा की!"

"बसा गप," ही म्हणाली.

"पाचच मिनिटं," मी म्हणालो. "तोवर पोरगं येतंच हाय."

"तुमची पाच मिनिटं मला ठावं हायेत."

पण बायकांनी टाळ्या धरल्या, आयोजकाने हात धरला, आणि मी वर. माईक हातात आला आणि मी व्याह्याची गोष्ट काढली, साडू आणि रेंजसकट. पहिल्या वाक्याला दहा माणसं हसली, तिसऱ्याला शंभर, आणि साडू भिंतीला टेकले तेव्हा सगळं नाट्यगृह हललं, मला वरचे पंखे झुलताना दिसले. मग थांबतो कोण? मशीनचं सांगितलं. ट्रॉलीतल्या उसाचं सांगितलं. तिसऱ्या रांगेतून ही हात हलवत होती. मी समजलो, शाबासकी देतेय. अजून जोर चढला. तिने मनगटावर बोट आपटून दाखवलं. मी समजलो, बांगड्या दाखवतेय.

शेवटी विंगेत नजर गेली. तिथे काळ्या शर्टातला एक पोरगा पाण्याची बाटली घेऊन उभा होता. पोट धरून हसत होता. आयोजक त्याच्या शेजारी रडकुंडीला आलेला.

"कधी आला हा?" मी माईक बाजूला धरून विचारलं.

"अडीचलाच," आयोजक दातओठ खात म्हणाला. "तुम्ही माईक देतच नव्हता, तात्या. तीन वेळा येऊन मागितला."

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी खाली येऊन बसलो. दिवे मालवले, पडदा बाजूला सरकला, आणि अंधारात तिचा श्वास ऐकू आला, थंड पाण्यात पाय घातल्यावर येतो तसा. पडदा उघडताना आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. पण खरं सांगायचं तर मी पडद्याकडे पाहिलंच नाही. मी मिनिटं मोजत होतो.

पोरगा चांगला होता. फार चांगला होता, त्याचाच मला राग येत होता. चार वाजले. आता उठलं तरच पाचची धार गाठणार. बांडीची वेळ चुकली तर उद्या कासेला सूज, परवा डॉक्टर. मी तिच्या कोपराला हात लावला.

"चल."

"कुठं?"

"कुठं काय? धारंला. चार वाजलं."

"तुमी जावा."

"अगं, आन तू कशी येनार?"

"जीपनं. बायका हायेत." तिने मान वळवली नाही. "अडीचला पोरगा आला हुता. चाळीस मिन्टं तुमी खाल्ली. माझी खाल्ली. आता एक मिनिट देनार न्हाय."

"पन बांडी..."

"बांडी तुमची हाय. ह्यो कार्यक्रम माझा हाय. सरका, मला दिसंना झालंय."

मी वाकून रांगेतून निघालो. स्टेजवरच्या पोराने नेमकं हेरलं. "तात्या, आता कुठं? माझा सूड घेताय का?"

"धार काढायची हाय," मी म्हणालो.

नाट्यगृह पुन्हा हललं. माझ्या चाळीस मिनिटांना मिळाला नव्हता एवढा हशा त्या तीन शब्दांना मिळाला. दारात पोचून मागे पाहिलं. ही पण हसत होती. दोन्ही हातांनी तोंड झाकून, खुर्चीत मागेपुढे होत. पंचवीस वर्षांत एवढं हसवायला मला जमलं नव्हतं. आणि ते जमलं तेव्हा मी दारातून बाहेर पडत होतो.

रस्त्यावर पुन्हा ट्रॉल्या. गोठ्यात पोचलो तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. बांडी हंबरत होती. खाली बसलो तर तोंडातून शब्द फुटेना. एवढा वेळ माईकवर बोललो होतो, सगळं तिथेच सांडून आलो होतो. बांडीने आखडलं ते आखडलंच. शेवटी तिच्या पोटाला डोकं टेकवून तिला बायकोची तक्रार सांगितली. ती मात्र तिने कान देऊन ऐकली. कॅन भरला.

दिवेलागणीला जीप दारात थांबली. ही हसत हसतच उतरली. हातपाय धुऊन परातीपुढे बसली, पिठात हात घातला, आणि पुन्हा हसू फुटलं.

"काय झालं शेवटी?" मी विचारलं. तुसडेपणानेच.

"शेवटी त्यो म्हनला..." आणि हसू. "न्हाई, आदी त्याचा बा हाय न्हवं, त्यो..." पुन्हा हसू. पिठाचा हात कपाळाला लागला. "ऱ्हाऊ द्या. तितं बसायलाच पायजे हुतं."

चार दिवस मी तिच्याकडून शेवट काढायचा प्रयत्न केला. तुकडे मिळाले. एक बाप, एक स्कूटर, कुठल्यातरी आत्याची बरणी. ते एकमेकांना जोडता येईनात. दिवे लागले तेव्हा काय वाटलं, असं विचारलं, तर एवढंच म्हणाली, "उठूच वाटंना."

काल सकाळी चहाचा कप माझ्या हातात देताना तिने मोबाइलही पुढे केला. तीच गायिका. इंदापूर. सहाला.

"बायका जीप करत्यात. माझं काढा."

"आन माझं?"

तिने गोठ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. बांडी रवंथ करत होती, आम्हा दोघांकडे बघत.

"चा पिऊन घ्या, निवतोय," ती म्हणाली.

मोबाइलने विचारलं, किती जण. मी बराच वेळ ते आकडे बघत बसलो. मग एक दाबला. जागा मात्र पहिल्या रांगेतली काढली, अगदी पडद्याच्या समोरची.