सासूबाईंनी आखलेले सात डोंगर

सासूबाई सहा महिन्यांसाठी परदेशात आमच्याकडे आल्या, त्या नातीला सांभाळायला. तिसऱ्याच आठवड्यात त्यांनी मला, म्हणजे जावयाला, विचारलं की इथल्या डोंगरांचा नकाशा कुठे मिळेल. खिडकीतून डोंगर दिसायचे, त्यांची नावं हवी असतील असं समजून मी पेट्रोल पंपावरून डोंगरवाटांचा एक घडीचा नकाशा आणून दिला आणि विसरून गेलो.

त्या मात्र विसरल्या नाहीत. नकाशे काढणाऱ्या सरकारी कार्यालयात त्यांनी बत्तीस वर्षं ट्रेसरचं काम केलं होतं. मोजणीवाले डोंगर चढून आकडे आणायचे आणि सासूबाई टेबलाशी बसून समोच्च रेषा शाईने गिरवायच्या. शाळेच्या भूगोलात असतात त्याच, एका उंचीवरची ठिकाणं जोडणाऱ्या. शेकडो डोंगर गिरवलेली ही बाई एकाही डोंगरावर कधी गेली नव्हती. बायकांना तेव्हा मोजणीला पाठवत नसत, आणि नंतर संसारातून मान वर करायला सवड मिळाली नाही.

नात झोपली की जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरायचा. वळणावळणाच्या वाटेवर शिवणाचा दोरा ठेवायचा आणि मग तो सरळ करून पट्टीवर मोजायचा. असे त्यांनी वहीत सात डोंगर आखले, अंतर, चढ आणि पाण्याच्या जागांसकट. सगळे उन्हाळ्यासाठी, कारण तोवर वाटा बर्फाखाली. बायको म्हणायची, आईचं हे उंटावरून शेळ्या हाकणं चाललंय, वेळ जातोय तर जाऊ दे. मीही हसायचो. मग एकदा शेजारीण सांगून गेली की तुमच्या आजी सकाळी दूध आणायला उतरल्या की लिफ्ट सोडून चार मजले तीनतीनदा चढतात. त्यानंतर आमचं हसणं बंद झालं.

यंदा बर्फ काही केल्या हटेना. वाटा उघडल्या तेव्हा सासूबाईंच्या परतीच्या विमानाला नऊ दिवस उरले होते आणि मध्ये माझ्या सुट्टीचा एकच रविवार होता. सातांतला एकच डोंगर होणार, आणि तो हुकला तर या वयात पुन्हा कुठला. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण शनिवारी त्यांना घास गिळवत नव्हता.

रविवारी बायको बाळाजवळ थांबली आणि आम्ही दोघं निघालो. दोन तासांनी वाटेला फाटा फुटला. फोनला रेंज नव्हती आणि ढग उतरायला लागले होते. सरळ वर जाणारी जवळची वाट धरू, नाहीतर मागे फिरावं लागेल, असं मी म्हणालो. सासूबाईंनी नकाशावर बोट ठेवलं.

"जावईबापू, इथे रेषा एकमेकींना चिकटल्यात. कडा आहे. लांबच्या वाटेने चला."

मी मनातल्या मनात चरफडत लांबच्या वाटेला लागलो. पाऊण तासाने वरून खाली पाहिलं, तर ती जवळची वाट तुटलेल्या कड्याशी येऊन संपली होती. हा कडा या बाईंनी जन्मात पाहिला नव्हता. परक्या देशातल्या कुणीतरी काढलेल्या चार रेषांवरून त्यांनी तो ओळखला होता. मी त्यांच्या मागून चालू लागलो.

माथ्यावर पोचलो तेव्हा ढग बाजूला झाले. समोर डोंगरामागे डोंगर, खाली दोऱ्याएवढी नदी आणि वर इतकं आभाळ की माझी छातीच दडपून गेली. फोटो काढायचं भान राहिलं नाही. सासूबाई खाली वाकल्या होत्या. त्यांनी दगडावर तळहात टेकला आणि तिथेच बसल्या. गालांवरून पाणी ओघळत होतं, ते त्या पुसतही नव्हत्या.

"एवढा मोठा असतो होय?" त्या म्हणाल्या. "मी तर नखाएवढा काढायचे."

उतरायची वेळ टळून गेली, तरी मी त्यांना उठा म्हणालो नाही.