डाव्या हाताचं स्टेअरिंग

राजुऱ्याच्या बसस्टँडमागे गफ्फारभाईंचा फोटो स्टुडिओ होता आणि स्टुडिओत एक गाडी होती. प्लायवूडची. आकाशी रंगाची, लांबलचक, मागे मोठ्या माशाच्या परांसारखे दोन उंच पंख. चाकं रंगवलेली, दिवे डालड्याच्या डब्यांच्या झाकणांचे. स्टेअरिंग तेवढं खरं होतं, भंगारातल्या जीपचं.

ही गाडी गफ्फारभाईंनी आधी झाडीपट्टीच्या एका नाटक कंपनीसाठी बनवली होती. दुसऱ्या अंकात सावकार तीत बसून एन्ट्री घेई आणि टाळी गाडीच घेऊन जाई. सावकाराचं काम करणारा नट तिसऱ्याच प्रयोगाला रुसला. कंपनीने नट ठेवला, गाडी परत केली.

गाडीचा नमुना आला होता अमेरिकेतून. कोळसा खाणीचे एक मॅनेजर निवृत्त होऊन गेले, तेव्हा त्यांच्या बंगल्यातली जुनी अमेरिकन मासिकं रद्दीत निघाली. गफ्फारभाईंनी किलोवर उचलली. इंग्रजीच्या नावाने शून्य, पण चित्र वाचायला कोणाच्या बापाची शाळा लागते? मोटारींच्या जाहिराती त्यांनी कापल्या, सालांच्या क्रमाने लावून भिंतीवर चिकटवल्या, आणि फोटोसाठी खोळंबलेल्या प्रत्येक गिऱ्हाईकाला छडी घेऊन अमेरिका शिकवायला सुरुवात केली.

"हे पहा. पहिल्या गाडीत साहेब टोपी घालून बसला. बाई कुठी? बाहेर. हातमोजा घालून दरवाजाले हात लावून उभी."

"गफ्फारभाऊ, हे बाई गाडीसोबतच मिळते का?" असं कोणीतरी विचारायचंच.

"तवा मिळे," भाई गंभीरपणे सांगत. "आता पुढं चला. इथी तेल महाग झालं, तं गाडी आखूड झाली. आन् इथपर्यंत एक तरी काळा माणूस दिसला? नाई. तो काय त्या देशात नव्हता? होता. पण त्याच्या खिशात पैसा आला तवा कंपनीले दिसला. हा पहा, बायको-लेकरं घेऊन हसून राह्यला." मग छडी शेवटच्या चित्रावर जाई. तिथे एक बाई एकटीच स्टेअरिंगवर, बाजूला कागदांची बॅग. "आधी बाई दाखवून गाडी विकत, मंग बाईलेच विकाले लागले. आपल्या इथीबी होईन, पहात रहा."

पडद्यामागे चहा उकळणाऱ्या कनीजबी तेवढ्यात कप आपटत.

गफ्फारभाईंचं एक दुखणं होतं. अर्ध्या तालुक्याचे चेहरे त्यांनी कागदावर उतरवले, पण बायकोचा, कनीजबींचा, एकही फोटो त्यांच्याकडे नव्हता. कॅमेरा दिसला की कनीजबी उठून जात. गाडी स्टुडिओत आली तेव्हा भाईंनी हट्टच धरला. त्या म्हणाल्या, "तुमच्या गाडीत बाई दरवाजाजवळच उभी राहते ना? दरवाजाजवळ तं मी घरीबी उभीच असतो. ज्या दिवशी इथली एखादी बाई नवऱ्यासमोर त्या स्टेरिंगवर बसन, त्या दिवशी माहा फोटो काढा. पण तुमी सांगून नाई. तिनं आपल्या मनानं बसलं पायजे."

सात वर्षं झाली. पुरुष एकेकटे स्टेअरिंग धरून ऐटीत बसत. जोडपी मात्र बाहेरच उभी राहत, कारण आतला बाक ठेंगणा होता आणि नवी साडी दिसणार नसेल तर फोटोला पैसे कशाला घालायचे? भाईंनी शेवटच्या चित्राभोवती झिरमिळ्या लावून पाहिल्या. बायकांनी झिरमिळ्यांचं कौतुक केलं.

मग सत्त्याण्णव साली, एका रणरणत्या दुपारी, स्टुडिओत डोमा आणि भागीरथाबाई आले. वर्धा नदीकाठच्या गावचे, मासेमारी करणारे. राखीव जागेवर भागीरथाबाई नुकत्याच सरपंच झाल्या होत्या. मात्र गावातली माणसं 'सरपंचभाऊ' म्हणून नमस्कार डोमाला करत होती आणि डोमाही तो झेलायला शिकला होता.

"पंचायतीत लावाचा आहे फोटो," डोमा म्हणाला. "दोघायचा. गाडीत बसून. सरपंच का गाडीबाहेर उभा राहीन?"

"सरपंच कोण आहे जी?" भागीरथाबाईंनी सहज विचारलं आणि त्या भिंतीवरची चित्रं बघू लागल्या.

डोमा गाडीत शिरला आणि उजव्या बाजूला बसला. तालुक्यातला प्रत्येक जीपवाला बसतो तिथेच. बायको डावीकडे बसली. जोडप्याचा फोटो म्हणजे बायको नवऱ्याच्या डाव्या अंगाला, एवढं तर सगळ्यांनाच ठाऊक. डोमाने स्टेअरिंग धरायला हात पुढे केले. समोर नुसतंच प्लायवूड! गफ्फारभाईंनी अमेरिकेची हुबेहूब नक्कल केली होती, आणि अमेरिकेत स्टेअरिंग डावीकडे असतं.

"हे काय गफ्फारभाऊ? स्टेरिंग इच्यापुढं काऊन?"

"अमेरिकेची गाडी आहे, डोमाभाऊ."

"सरक वो इकडं, मी तिकडं येतो." डोमा अर्धवट उठला आणि तसाच थांबला. "पण मंग तू माह्या उजव्या अंगाले येशीन. पंचायतीत टांगल्यावर आख्खं गाव हासन, लग्नात कुठी बसवली होती म्हणून. भाऊ, स्टेरिंगच इकडं लावून द्या ना."

स्टेअरिंग एका बोल्टवर होतं. पाना गफ्फारभाईंच्या खिशात होता. "खिळे ठोकून पक्कं केलं आहे," भाई निरागसपणे म्हणाले. आता आणखी एक शब्द बोललो तर सात वर्षं पाण्यात. जन्मभर कोणापुढे जीभ न आवरलेला तो माणूस काळ्या कापडाने भिंग पुसत राहिला. पडद्यामागे चहा उतू गेल्याचा वास आला, तरी कोणी स्टोव्ह बंद करेना.

भागीरथाबाईंनी भिंतीकडे बोट केलं. "भाऊ, ते पहिलीवाली बाई बाहेर उभी आहे आन् शेवटची स्वतः चालवून राह्यली. मधात किती साल गेले?"

"असतीन तीस-चाळीस."

"एवढे?" त्या हसल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "ऐकता का जी, नदीत जाळं कोण फेकते?"

"मी."

"आन् तवा डोंगा कोण चालवते?"

"तू."

"मी चालवतो म्हणून तुमाले जाळं फेकता येते. डोंग्यात तं तुमी कधी म्हणलं नाई, वल्हं इकडं दे म्हणून. बसा आता. गाव हासन तं मी पाहून घेतो. सरपंच आहो मी." आणि त्यांनी दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं, वल्हं धरावं तसं घट्ट.

डोमा परत बाकावर बसला. "जाळं आणलं असतं तं मीबी हातात काही धरलं असतं," तो पुटपुटला, आणि भाईंनी बटण दाबलं.

पडदा सरकला. कनीजबी डोक्यावरचा पदर सावरत बाहेर आल्या.

"स्टेरिंग एका बोल्टवर आहे," त्या म्हणाल्या. "खोटं बोलले तुमी."

गफ्फारभाई घाईघाईने म्हणाले, "पण मी तिले बस म्हणलं नाई, कनीज!"

"नाई म्हणलं. तुमी एवढा वेळ चूप राह्यले, मले तं त्याचंच नवल वाटलं." डोमा आणि भागीरथाबाई उतरल्यावर त्या गाडीत शिरल्या आणि डावीकडे बसल्या. भाई लगबगीने शेजारी बसायला निघाले.

"तुमी कुठी? बाहेर उभे राहा. दरवाजाले हात लावून. त्या पहिल्या बाईसारखे."

मग बटण कोण दाबणार? डोमाने. भाईंनी त्याला कॅमेरा लावून दिला आणि दरवाजापाशी जाऊन उभे राहिले. भागीरथाबाईंनी वाकून त्यांचं मनगट हातमोजा घातल्याच्या ऐटीत दरवाजावर ठेवून दिलं. डोमाने नदीतला मासा निरखावा तसा एक डोळा मिटून नेम धरला.

फोटो धुऊन आला. कनीजबी झकास आल्या होत्या, भुवई किंचित वर, स्टेअरिंग मुठीत. गफ्फारभाई मात्र चौकटीबाहेर राहिले होते. फोटोत दिसत होता फक्त दरवाजावर ठेवलेला एक हात.

भाईंनी तो मोठा करून शेवटच्या जाहिरातीच्या बाजूला लावला. गिऱ्हाईकं विचारायची, "भाभी, हा हात कोणाचा आहे?"

चहाचा कप पुढे करत कनीजबी सांगायच्या, "गाडीसोबत मिळते."