वाकड्या दांडीची सायकल

कुतुबुद्दीन शिकलगारला मी ओळखत होतो, असं म्हणायला माझी जीभ अडखळते. कुंडलमध्ये त्याचं सायकलचं दुकान आणि माझी पिठाची गिरणी यांच्यात एकच भिंत होती. सतरा वर्षं आम्ही त्या भिंतीच्या दोन बाजूंना बसून काढली. पण त्याचं मूळ गाव कुठलं, त्याला भावंडं किती, हे मला माहीत नाही. मी विचारलं नाही. मला विचारायला संकोच वाटतो, आणि त्याला सांगायला वाटत असावा. त्याच्या बायकोचं नाव ताहेरा, हेसुद्धा मला त्याच्या रेशन कार्डावरून कळलं.

लिहायची सवय मला नाही. दळणाच्या डब्यांवर खडूनं नावं घालण्यापलीकडे मी फारसं काही लिहिलेलं नाही. पण त्यानं एक सायकल बांधली, ती मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. तेवढं लिहितो.

साल चौऱ्याहत्तर. गावातला आकाराम लष्करातून घरी येऊन दोन वर्षं झाली होती. एकाहत्तरच्या लढाईत त्याच्या उजव्या गुडघ्याला गोळी लागली होती. पाय वाचला, पण गुडघा अर्ध्यात अडायचा, पुढे वाकायचाच नाही. त्या वर्षी साखर कारखान्यात स्लिपबॉयची जागा निघाली. सायकलवरून शिवारभर फिरायचं आणि कुणाच्या उसाला कधी तोड, त्याच्या चिठ्ठ्या शेतकऱ्यांना पोचवायच्या, असं ते काम. शेतकी अधिकाऱ्यानं आकारामच्या पायाकडे पाहिलं आणि म्हणाला, "दसऱ्याला बॉयलर पेटवायचाय. त्या दिवशी सकाळी सायकल चालवत या. आलात तर जागा तुमची. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

दसऱ्याला दीड महिना होता. आकारामनं कुतुबुद्दीनकडून भाड्याची सायकल घेऊन बघितली. उजवं पायडल वर आलं की गुडघा अडे आणि सायकल आडवी होई. चावडीपुढे तो पडला तेव्हा पारावरून कोणीतरी ओरडलं, "फौजी, शत्रू कुटनं आला रं?" लोक हसले. आकारामही हसला, पण सायकल परत द्यायला आला तेव्हा त्याची नजर खालीच होती.

"मिस्त्री, मला चालंल अशी सायकल हाय का?"

"न्हाई," कुतुबुद्दीन म्हणाला.

आकाराम वळला.

"आरं, जातोस कुटं? न्हाई म्हंजे आज न्हाई. करावी लागंल."

"दारात बसून येनाऱ्या-जानाऱ्याचा रामराम घ्यायचा लय कटाळा आलाय वो."

"मग हितं बस. पाय लांब कर."

माझ्या गिरणीतल्या बाकावर त्याला बसवून कुतुबुद्दीननं त्याचा पाय हळूहळू वाकवला. गुडघा अडला तिथं भिंतीवर खडूनं रेघ मारली. मग सुतळीनं मापं घेतली, कमरेपासून टाचेपर्यंत, खांद्यापासून मनगटापर्यंत. एखादा शिंपी घेईल तशी.

पुढच्या बाजारी तो मला सांगलीला घेऊन गेला. मला का, ते कळलं नाही. बहुतेक ओझं धरायला. तिथल्या एका दुकानात आढ्याला एक फ्रेम टांगलेली होती. ती त्यानं आधीच हेरून ठेवली होती. वरची दांडी सरळ नव्हती, ओल्या धुण्यानं वाकलेल्या काठीसारखी मध्ये खाली झुकलेली. सीटचा दांडा मागे कललेला. सगळी फ्रेमच नेहमीपेक्षा वीतभर लांब. दुकानदार म्हणाला की साहेबी अमलात असल्या सायकली असायच्या, पंजाबातल्या एका कारखान्यानं तोच जुना घाट पुन्हा काढलाय. खरं-खोटं मला माहीत नाही.

"सा म्हैनं झालं टांगून," दुकानदार म्हणाला. "लोक म्हनत्यात, ही सायकल हाय का म्हस?"

"म्हसच पायजे मला," कुतुबुद्दीन म्हणाला. "गरीब असती. बसू देती."

येताना एसटीच्या टपावर ती फ्रेम बांधली. वाटेत त्यानं मला समजावलं. सतरा वर्षांत तो माझ्याशी इतकं सलग तेव्हाच बोलला असेल. साध्या सायकलवर पायडलला पाय पुरेल अशी सीट लावली की जमिनीला पाय टेकत नाही. टेकेल अशी लावली की गुडघा पोटात येतो. या फ्रेमची सीट मागे आणि पायडल पुढे. सीटवर बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला लागतात आणि चालवताना गुडघा फार वाकतही नाही. दांडी वाकडी, म्हणून ताठ पाय पलीकडे टाकायला सोपं.

"आन् जो थोडा वाकायचा उरतोय त्यो?" मी विचारलं.

"त्यो आपुन कापायचा," तो म्हणाला. पाय नव्हे, क्रँक. पायडल ज्या लोखंडी हातावर बसतं, त्याच्या उजव्या बाजूला त्यानं चार बोटं अलीकडे नवं भोक पाडून आटे घेतले. त्यामुळे उजवा पाय लहान फेरा घेणार होता. दूधवाल्यांच्या सायकलीचे जाड टायर घातले. हँडल खिलारी बैलाच्या शिंगांसारखं रुंद. चाकं त्यानं स्वतः विणली. एकेक आरा बोटानं छेडून कान द्यायचा. माझी गिरणी चालू असली की भिंतीवर थाप मारायचा, "नानासो, जरा थांबवा की." मी पट्टा उतरवायचो. गिऱ्हाइकं कुरकुरायची.

शेवटच्या आठ दिवसांत आकाराम शाळेच्या मैदानावर चालवायला शिकला. पहिल्या दिवशी तीनदा पडला, चौथ्या दिवशी एकदाही नाही.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारं पुजायची आणि दसऱ्याचं शिलंगण होईपर्यंत उचलायची नाहीत, ही आमच्याकडची रीत. कुतुबुद्दीनचं दुकान पूर्वी तात्याबा सुतार आणि तो यांचं भागीत होतं. तात्याबा वारला, तरी त्याची खंडेनवमी कुतुबुद्दीननं मोडली नव्हती. पाने, पक्कड, हातोडी सगळं पाटावर मांडून हळद-कुंकू वाहिलं. आकारामची आई बनुबाई सायकलची पूजा करायला आली. तिनं सुतळीत ओवलेला झेंडूचा भलामोठा हार हँडलला घातला, आणि सायकल मोठी म्हणून मान मोठा, या हिशेबानं हाराला मधोमध नारळ बांधला.

"चालव रं," ती म्हणाली. "समद्यांनी बघू दे."

आकाराम वीस पावलं गेला असेल. नारळ झोका घेऊन पुढच्या चाकात शिरला. कडाड आवाज झाला आणि तो हँडलवरून पुढे पडला. त्याला फारसं लागलं नाही. चाकाचे तीन आरे तुटले होते, रीम भाजलेल्या पापडासारखी वाकडी झाली होती. सकाळी कारखान्यावर पोचायचं होतं.

"उचला की पाना, मिस्त्री," लोक म्हणाले. "तुमाला कसली आलीया खंडेनवमी?"

"आर्दी हत्यारं तात्याबाची हायती," कुतुबुद्दीन म्हणाला. "कंची आर्दी, त्ये मला ठावं न्हाई. मग उचलू कंची?"

"दुसऱ्याची आना."

पण कुंडलात त्या दिवशी कोणाच्या घरची हत्यारं मोकळी असणार? बनुबाई पायरीवर बसली होती. "माज्याच हातानं पोराचं वाटुळं केलं," एवढंच म्हणत होती.

कुतुबुद्दीननं खणातून तीन नवे आरे काढले. आरे म्हणजे माल, हत्यार नव्हे. ते हातानं बसले. पण चाकाचा आउट काढायचा, म्हणजे डोलणारं चाक सरळ करायचं, तर आऱ्याच्या टोकाची बारकी चकती घट्ट पकडून फिरवावी लागते. बोटांनी ती फिरेना. दाताला दात लावून त्यानं जोर केला, बोटातून रक्त आलं.

मग त्याची नजर बनुबाईच्या कमरेच्या पिशवीवर गेली.

"आक्का, आडकित्ता पुजला का तुमी?"

ती ओशाळली. "न्हाई रं. सुपारीबिगार मला दीस जात न्हाई. देवाला सांगितलंय, ह्यो तेवडा सोड."

"लय बेस केलं!" तो ओरडला. त्याला ओरडताना मी तेव्हाच ऐकलं. "आना हिकडं!"

अडकित्त्याच्या तोंडात तो चकती धरायचा आणि पाव-पाव फेरा द्यायचा. पुढचं चाक ज्यात बसतं त्या चिमट्याला अंगठ्याचं नख टेकवून चाक फिरवायचा. रीम नखाला घासली की परत अडकित्ता. मी कंदील धरला होता. बनुबाई सारखी म्हणत होती, "दांडा वाकवू नगंस बाबा, माज्या सासूचा हाय." दिवेलागण होऊन घटकाभरात चाक सरळ फिरू लागलं. नखाला कुठेच घासत नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी आकाराम निघाला. मागे कुतुबुद्दीनची सायकल, तिच्या कॅरियरवर मी. कारखाना चार मैल. ओढ्याच्या पलीकडच्या चढावर तर चांगल्या पायाची माणसंही उतरून ढकलतात. तिथं आकारामचा वेग मरत गेला. कुतुबुद्दीन मागून मोजायला लागला, "येक, दोन, येक, दोन," परेडसारखं. डावा मोठा फेरा, उजवा लहान. आम्ही दोघं उतरून चालायला लागलो होतो. तो उतरला नाही. माथ्यावर पोचल्यावर त्यानं मागे न बघता फक्त घंटी वाजवली, आणि उतारावर आमच्या दृष्टीआड झाला.

आम्ही पोचलो तेव्हा तो गेटमधून आत शिरत होता. बॉयलरच्या पूजेला शे-दोनशे माणसं जमली होती. शेतकी अधिकाऱ्यानं त्याला वजनकाट्याभोवती दोन फेऱ्या मारायला लावल्या, मग म्हणाला, "थांबा." आकाराम थांबला. सीटवरच बसून राहिला, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून, खिशातून पेन्सिल काढून म्हणाला, "साहेब, चिठ्ठी लिवू?"

लोक हसले, पण ते हसणं वेगळं होतं. कोणीतरी टोपी उडवली. अधिकारी सायकलभोवती फिरला, आखूड क्रँकपाशी खाली बसला, हात लावून बघितला.

"ही कुठून आणली?"

"आनली न्हाई," आकाराम म्हणाला. "ह्येंनी बांदलीया." त्यानं वळून बोट दाखवलं. कुतुबुद्दीन माझ्या पाठीमागे सरकला होता. मी बाजूला झालो. मला कधी नव्हे ते धाडस आलं आणि मी त्याला दंडाला धरून पुढे ढकललं. अधिकाऱ्यानं त्याच्याशी हात मिळवला. कुतुबुद्दीननं आधी आपला हात धोतराला पुसला.

"उद्यापासून या," अधिकारी आकारामला म्हणाला.

आकारामला त्या सायकलवर हिंडायला लागून गळिताचे चार हंगाम झाले; मी ती रोज पाहत होतो. त्यानंतर कुतुबुद्दीनच्या लेकीनं, सलिमानं, त्याला आणि ताहेराला सांगलीला नेलं. जाण्याच्या दिवशी तो गिरणीच्या दारात येऊन उभा राहिला. पुढे आमची भेट झाली नाही, पण तेव्हा आम्हा दोघांना ते ठाऊक नव्हतं. मी दळत होतो. त्याच वेळी आकाराम रस्त्यानं चिठ्ठ्या घेऊन गेला, हात वर करून. कुतुबुद्दीन त्याच्या मागे बराच वेळ बघत राहिला.

"नानासो, सांजचा त्यो दळन न्यायला ईल न्हवं?"

"ईल की."

"त्याला म्हनावं, चेनला त्याल सोड. करकरतीया."

"सांगतो," मी म्हणालो.