उतरलं की विझणारा दिवा

आमच्या गावात थोरांसमोरून सायकलवर बसून जायचं नाही, अशी रीत होती. समोरून वडीलधारं माणूस आलं की बाप्येसुद्धा उतरायचे, दोन शब्द बोलायचे आणि मगच पुढं जायचे. मी तर त्या गावची नवी सून. माहेर लोणंदचं, तिथं मी घरून निघाले की थेट शाळेच्या फाटकात उतरायची. इथं सासरी, कवठे महांकाळच्या अलीकडच्या या गावात, मला पावलोपावली उतरावं लागायचं. सायकल मला नेते का मी तिला फिरवायला नेते, हेच कळेना. रीत करणाऱ्यांनी एकदा तरी नऊवारी-सहावारी सांभाळत लेडीज सायकलवर चढून बघायला हवं होतं.

कवठे महांकाळला एका टायपिंगच्या क्लासात मी शिकवत होते. नव्वदीची सुरुवात होती, नोकरीची आशा असलेला जो तो टायपिंगला यायचा. थंडीत क्लासच्या मालकांनी संध्याकाळची बॅच सुरू केली. ती घेणार असाल तर या, नाहीतर दुसरं कुणी बघतो, असं त्यांनी गोड शब्दांत सांगितलं. बॅच सुटेपर्यंत अंधार पडायचा. ह्यांची नोकरी शिरवळच्या कारखान्यात, ते यायचे सुट्टीला. न्यायला-आणायला घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि सासऱ्यांचं म्हणणं, दिवस मावळायच्या आत सून घरात पाहिजे. मला ते काम फार हवं होतं. गावात मी अमक्याची सून होते, क्लासात मला मॅडम म्हणायचे. सांगायला लाज कशाची, त्या एका शब्दासाठी मी रोज मधल्या टेकाडाचा चढ चढून जायची.

ह्यांनी सुट्टीला येताना सांगलीहून डायनामो आणला. पुढं दिवा, मागच्या मडगार्डला लाल दिवा, आणि चाकाला टेकणारी ती छोटी बाटली. सासऱ्यांना आमच्याकडे सुना मामा म्हणतात; हे त्यांना आबा म्हणायचे. मामांनी तिला उलटसुलट करून पाहिलं.

"ह्येच्यात सेल कुठं घालायचं रं?"

"सेल न्हाईत, आबा. आत लोहचुंबक हाय. चाकासंगं ते फिरलं की वीज हुती."

"आन चाक थांबलं की?"

"मग दिवा बी थांबला."

"बरं हाय की. मानूस दमला की दिव्यानं बी इसावा घ्यायचा," मामा म्हणाले, आणि सगळे हसलो. त्यात काही वावगं आहे, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

बराच वेळ दाढी खाजवून मामांनी मला परवानगी दिली, पण अट घातली. "मी फाट्यावर हुबा ऱ्हाईन. उतारावर तुजा दिवा दिसला की माजं काम झालं. ज्या दिशी दिसायचा न्हाई, त्या दिसापास्नं क्लास बंद."

मग रोजचं सुरू झालं. डायनामो चाकाला टेकवला की पायडल जड व्हायचं आणि घर्रर्र असा आवाज सोबतीला यायचा. चढाला दिवा पिवळा पडायचा, उताराला लख्ख व्हायचा. त्यानं टायर झिजतं, असं आत्याबाईंचं म्हणणं होतं. म्हणजे सासूबाईंचं. मी फाट्यावर पोचायच्या आत मामा पाठ वळवून घरी गेलेले असायचे. मला त्यांच्यासमोर उतरावं लागू नये म्हणून ते तसं करत असावेत, असं मला वाटायचं. विचारायची माझी छाती नव्हती.

उसाचा हंगाम भरात होता तेव्हाची गोष्ट. मी टेकाड ओलांडून उताराला लागले, आणि दिव्याच्या उजेडात समोरून चुलत सासरे आले. डोक्यावर वैरणीचा भारा. मी सवयीनं उतरले, पदर सावरला. दिवा गेला. पुढचा गेला, मागचा लालही गेला.

"आज येळ केलास गं," असं म्हणत ते रस्त्यातच थांबले. मी उत्तर देत होते, तेवढ्यात मागून टेकाडावर ट्रॅक्टर आला. मागं उसाच्या दोन ट्रॉल्या, पुढं एकच मिणमिणता दिवा, गाणी मोठ्यानं लावलेली. उताराला तो सुसाट सुटला. आम्ही दोघं त्याला दिसायचं काही कारणच नव्हतं. मी चुलत सासऱ्यांचा हात धरून ओढलं आणि सायकलसकट आम्ही रस्त्याकडेच्या चारीत पडलो. भारा रस्त्यावरच राहिला. ट्रॅक्टर त्याच्यावरून गेला आणि थांबलासुद्धा नाही.

चारीत बाभळीचे काटे होते. हाताला खरचटलं, पदर फाटला, बाकी काही नाही. चुलत सासरे त्या ड्रायव्हरच्या सात पिढ्या काढत होते. मला मात्र दिसत होता तो पसरलेला भारा.

तिकडे फाट्यावरून मामांनी काय पाहिलं असेल! उतारावर दिवा दिसला, मध्येच विझला, त्याच जागेवरून ट्रॅक्टर गेला, आणि दिवा पुन्हा लागलाच नाही. ते पळत आले. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. सासऱ्यानं सुनेला हात लावायचा नसतो. मामांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं, सोडलं, परत धरलं. माणसाचा जीव भांड्यात पडतो म्हणजे काय, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. माझाही पडला, त्यांना बघूनच.

मग त्यांनी विचारलं, "उतरलीस कशाला?"

"हे समोरून आले म्हणून."

"मग? बसूनच जाईल व्हय?" चुलत सासरे म्हणाले. "घरची सून हाय ती."

मामांनी सायकल उभी केली, मागचं चाक उचललं आणि हातानं पायडल फिरवलं. दिवा लागला. त्यांनी हात थांबवला, दिवा गेला. परत फिरवलं, परत थांबवलं. मग सायकल हातात धरून ते पुढं चालायला लागले. क्लास संपला, एवढं मी मनात धरून चालले.

दुसऱ्या दिवशी जायची वेळ झाली तरी मी भांडीच घासत बसले. मामांनी सायकल आणून दारात लावली. हवा भरलेली होती.

"जायाचं न्हाई का?"

"तुम्ही म्हणाला होता, दिवा दिसला नाही तर…"

"दिव्याची काय चूक न्हाई. आता कुनासाठी बी उतरायचं न्हाई. पारावर सांगून आलोय समद्यास्नी."

"आणि तुमच्यासाठी?" मी विचारलं. ते गोठ्याकडे गेले.

त्या संध्याकाळी फाट्यावर मामा पाठ वळवून गेलेले नव्हते. कडेला, रस्त्याकडे तोंड करून उभे होते, शेजारी चुलत सासरे. बघताच माझे पाय आपोआप थांबले, हात ब्रेकवर गेला आणि दिवा पिवळा पडायला लागला.

"थांबू नगं!" मामा ओरडले. "पाय मार, पाय मार."

मी पाय मारला. दिवा लख्ख झाला आणि दोघांचे चेहरे उजळले. नमस्काराला हात मोकळा नव्हता, म्हणून मी घंटी वाजवली. चुलत सासरे मागं सरकून चक्क रस्त्याखाली उतरले. कालपासून छातीवर बसलेला दगड उतरला आणि मला एकदम रडू आलं, तशीच मी घरापर्यंत गेले.

आत्याबाई दारातच होत्या. "मामा कुठं हायती?"

"येतायत मागनं," मी म्हणाले. सून पुढं आणि सासरा मागं, असं आमच्या घरात पहिल्यांदाच झालं होतं.