फुलसावंगी बेटाची रसद

रफीक गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याचाच डबा घासत होतो. दोन कप्प्यांचा, स्टीलचा, एका बाजूनं चेपलेला डबा. त्यातून आलेली शेवई आम्ही आदल्या दिवशीच संपवली होती आणि आता परत काय भरून पाठवायचं यावर बायकोशी माझा वाद चालला होता. तिचं म्हणणं सांडगे, माझं म्हणणं तुरीच्या ओल्या शेंगांचे सोले. फोनवर रफीकच्या बायकोचा, शमीमभाभींचा, भाऊ होता. "रफीकभाई गुजर गये," एवढंच बोलला. सकाळी छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत... मी फोन ठेवला आणि पुन्हा डबा घासायला लागलो. घासलेलाच डबा बराच वेळ घासत राहिलो. शेवटी बायकोनं तो हातातून काढून घेतला.

रफीक बोरी अरबचा, विजेच्या मोटारी बांधणारा. मी फुलसावंगीचा. आमची गाठ पडली ती यवतमाळच्या लोहाऱ्यात, एका कारखान्यात. तिथे कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या यंत्रांचे सुटे भाग बनत. तो जळलेल्या मोटारींना नवी तार भरायचा, मी स्टोअर सांभाळायचो. हापिसात एक संगणक होता आणि मालकाच्या भाच्यानं त्यात एक खेळ टाकून ठेवला होता. समुद्रावरच्या लढाईचा. पडदाभर निळं पाणी, त्यात ठिपक्याएवढी बेटं, आणि दोन आरमारं. एकानं आपली चाल खेळायची तोवर दुसऱ्यानं बाहेर जाऊन चहा प्यायचा, डोकावायचं नाही. समुद्र आम्ही दोघांनीही पाहिलेला नव्हता. आमच्यासाठी सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे पुसदजवळचं धरण. तरी सुट्टी झाल्यावर आम्ही आरमारं चालवायचो आणि रस्त्यानं भांडत खोलीवर यायचो.

मला लढाई आवडायची. रफीकला आवडायची रसद. त्या खेळात प्रत्येक तळ रोज तेल, धान्य, दारूगोळा खात असे. जहाज पोचलं नाही की बेटावरची विमानं जमिनीवर बसायची, शिपाई उपाशी पडायचे आणि बेटाच्या नावाखालचा आकडा लाल व्हायचा. शहाणा खेळाडू असं दूरचं बेट सोडून देतो. रफीक सोडत नसे. त्यानं आपल्या बेटांना आपल्याकडच्या गावांची नावं दिली होती, आणि नकाशाच्या टोकाला जे एकटं बेट होतं त्याला नाव दिलं फुलसावंगी. "तुह्यं गावही असंच हाय," म्हणाला, "त्याच्या पुढं नकाशा संपते." त्या बेटाला मी वेढा घालून बसलो होतो. म्हणजे आपल्याच गावाला मी उपाशी मारत होतो आणि हा बोरी अरबवाला त्याला जगवत होता!

त्यात त्याची एक खोड होती, आणि तिच्यापायी तो हमखास मार खायचा. माल उतरवला की जहाजानं तडक माघारी पळावं, हा साधा हिशेब. रफीक मात्र ते एक चाल बंदरात थांबवायचा आणि काहीतरी भरूनच परत आणायचा. तेवढ्यात माझ्या पाणबुड्या पोचायच्या. किती जहाजं त्यानं अशी बुडवून घेतली!

एकदा मीच वैतागून म्हणालो, "अबे, रिकामं जहाज जोरात पळते. थांबवतो काहून?"

"कोणाच्या घरचं भांडं रिकामं वापस देतात का बे? तिथं जखमी पोट्टे पडले हायेत. त्यायले घेऊन येतो."

"ते पोट्टे खेळातले हायेत, रफीक."

"मंग जहाज कुठचं खरं हाय?" तो म्हणाला आणि आणखी एक जहाज पाठवलं.

भांड्याची ही रीत आमच्या दोन्ही घरांत होती. शेजारून वाटीभर भाजी आली तर वाटी परत जाताना तिच्यात निदान साखरेची चिमूट असायचीच. पण आरमाराला ती लावणारा माणूस मी एकच पाहिला.

मग कापसाची ती वाईट वर्षं सुरू झाली. जिनिंगच बंद पडू लागल्या तर त्यांचे सुटे भाग कोण घेणार? कारखान्याला कुलूप लागलं. जुने संगणक भंगारात निघाले, त्यातला एकेक आम्ही उचलला आणि आपापल्या गावी आलो. रफीकनं बोरीला दुकान टाकलं. मी वडिलांच्या माघारी शेतीला लागलो. खेळ अर्धाच राहिला होता, आणि तो सोडायला दोघंही तयार नव्हतो. तेव्हा फ्लॉपीची युक्ती निघाली. रफीक आपली चाल फ्लॉपीवर घ्यायचा, भाभींनी केलेलं काही डब्यात घालायचा आणि डबा एसटीच्या ड्रायव्हरच्या हवाली करायचा. पुसदच्या स्टँडवर एका चहाच्या टपरीत डबा थांबायचा, तिथून फुलसावंगीच्या गाडीत चढायचा. "पुसद आपला मधला तळ," असं रफीक अगदी गंभीरपणे सांगे. पहिल्या खेपेला फ्लॉपी लोणच्यात बुडून आली. त्यानंतर हा दोन कप्प्यांचा डबा आला. खाली खाऊ, वर चाल. माझी चाल परत जाताना खालच्या कप्प्यात माय काहीतरी घालायचीच... कधी शेंगा, कधी बोरं, कधी गुळाचा खडा. भाभी आम्हाला बिनपाण्याचे खलाशी म्हणायच्या.

दुसऱ्या वर्षी बोंडअळीनं शेत धुऊन नेलं. बाहेरून हिरवीगार दिसणारी बोंडं हातात घेऊन फोडली की आत नुसता किडका काळा चिखल. मी शेतात जाणं सोडलं. नंतर पारावर जाणं सोडलं. नंतर दाढी करणं. मायनं ताट वाढलं तर जेवायचो, नाहीतर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचो. गावात तेव्हा असं पडून राहणारे बरेच होते आणि त्यांतले सगळेच काही पुन्हा उठले नाहीत. मी उठलो असतो का, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. त्याच दिवसांत रफीकचा डबा आला. मी फ्लॉपी उघडूनसुद्धा पाहिली नाही. डबा परत पाठवायचा तर त्यात घालायला काही हवं, आणि घरात उचलून द्यावं असं काही नव्हतं. रिकामा कसा पाठवणार? म्हणून तो फळीवरच राहिला. रफीकनं टपरीवाल्याच्या हाती निरोप धाडले. मी उत्तर दिलं नाही.

एका दुपारी दारात स्कूटर थांबली. बोरीहून फुलसावंगीपर्यंत, तेही मोडक्या स्कूटरवर, येडाच माणूस येईल. धुळीनं त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. मायला सलाम करून रफीक आत आला आणि माझ्या खाटेवर बसला.

"डबा काहून नाई आला?"

"घालाले काई नोयतं," मी भिंतीकडे पाहूनच म्हणालो.

तो उठला, फळीवरचा डबा काढला, दोन्ही कप्पे उघडून पाहिले. "खरंच काई नाई," म्हणाला. "ठीक हाय. मंग तू चाल."

"कुठं?"

"बोरीले. मी काई रिकामा वापस जात नसतो. तुले मालूम हाय."

मी नाही म्हणालो, चिडलो, नको ते बोललो. तो ऐकून घेत दारात उभा राहिला. शेवटी माय पुढे आली. "घेऊन जाय बापा ह्याले," म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. त्याच्या मागे बसून मी निघालो. डबा दोघांच्या मध्ये होता, वाटभर पोटाला टोचत होता.

बोरीला मी कापूस वेचणी सरेपर्यंत राहिलो. रफीकनं मला एकही उपदेश केला नाही. तांब्याच्या तारेचं भेंडोळं हातात दिलं आणि मोटार बांधायला बसवलं. माझी गुंडाळी इतकी वाकडी यायची की तो पोट धरून हसायचा आणि उलगडून पुन्हा करायला लावायचा. वीज असली की खेळायचो. भाभी मी जेवलो की नाही ते रोज पाहायच्या, आणि ताटात काही उरलं की, "मनोहरभाई, माल पूरा उतरला नाई," म्हणून टोकायच्या. एक दिवस त्याच्या फुलसावंगीभोवतीचा वेढा मी उठवला. लढाईच्या दृष्टीनं तो शुद्ध गाढवपणा होता. रफीक पडद्याकडे पाहत म्हणाला, "दाढी करून घे आता." मी केली.

पुढे फ्लॉपी गेली, ते संगणक गेले, त्या खेळात कोण जिंकलं हे कधी ठरलंच नाही. डबा मात्र चालू राहिला. माय गेली तरी चालू राहिला. माझा जीव ज्याच्यामुळे वाचला त्या माणसाला मी हे तोंडानं कधी सांगितलं नाही. सांगायला गेलो असतो तर हसला असता. पण सांगायला हवं होतं.

त्याच्या मातीला गेलो तेव्हा डबा बरोबर नेला. मयतीच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून बायकोनं दोन्ही कप्पे भरून दिले होते. गेल्या महिन्यात तो परत आला, त्याच टपरीवरून, आता टपरीवाल्याचा मुलगा ठेवून घेतो. खालच्या कप्प्यात ओंजळभर तांदूळ होते, निवडलेले. तेवढेच. संध्याकाळी भाभींचा फोन आला. त्या इद्दतीत आहेत, नवऱ्यामागे पाळायचे चार महिने दहा दिवस, घराचा उंबरा ओलांडत नाहीत. मुलं पुण्याला परत गेली. "भाईजान, घरात काई बनवलं नोयतं," म्हणाल्या. "पण रिकामा नाई पाठवला."

मी म्हणालो, "पोचला, भाभी."

तेव्हापासून दर बाजारच्या दिवशी इथून डबा निघतो. आज सोले आहेत, वरच्या कप्प्यात बायकोचे सांडगे. भाभींची इद्दत संपली की बायको आणि मी गाडी घेऊन बोरीला जाणार आहोत. त्या नाही म्हणतील, चिडतीलही. मी दारात उभा राहीन. फुलसावंगीची गाडी बोरीहून रिकामी परत येणार नाही.