हेल्मेट घातलेली पिसू

उंदीर दिसल्यावर चेहरा खुलणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच असेल, आणि तो माझ्या आईचा मामा आहे. कर्जतच्या या मामाआजोबांनी आरोग्य खात्यात प्लेगवर नजर ठेवण्यासाठी वर्षानुवर्षं एकच काम केलं. पिंजऱ्यातल्या उंदराला बेशुद्ध करून पांढऱ्या ट्रेवर विंचरायचं आणि खाली पडलेल्या पिसवा ओल्या ब्रशने टिपायच्या. निवृत्तीनंतरही ते थांबले नाहीत. एका लग्नात ते पंगतीतून उठून कार्यालयाच्या कोठीत शिरले आणि जिलेबी संपल्यावर परतले, खिशात पिसवांची बाटली, चेहऱ्यावर समाधान. "लोकं सोयरिकीसाठी घराणी बगत्यात," मामीआजी म्हणाल्या, "ह्यांनी जन्मभर पिसवांची बगितली."

त्यातल्या एका घराण्याची त्यांना फार ओढ. ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेत, पिल्लं पोटाच्या पिशवीत वाढवणाऱ्या प्राण्यांच्या आणि उंदरांच्या अंगावर राहणाऱ्या या पिसवांच्या डोक्याचा पुढचा भाग हेल्मेटसारखा असतो, त्याला काट्यांची झालर. त्यांनी पुस्तकातलं चित्र पाहिलं होतं, पिसू नाही. गेल्या वर्षी डॉक्टर म्हणाले, डोळ्यांचा पडदा सुकत चाललाय, गेलेली नजर परत येणार नाही. दुसऱ्याच दिवशी ते एसटीने आमच्या सावेडीच्या फ्लॅटवर हजर. मी इंग्रजी शाळेतली, म्हणून ऑस्ट्रेलियातल्या संग्रहालयाला तसली एक पिसू मागणारं पत्र मी लिहायचं. अनोळखी माणसाला फोन करताना मला घाम फुटतो, पण पत्रात बोलावं लागत नाही. पाकिटात त्यांनी काचपट्टीवरची कर्जतची एक पिसू घातली. "मागायचं आन् रिकामं पाकीट धाडायचं? बरं दिसत न्हाई." ही भेट आहे, चुकून आलेली नाही, असं मला दोनदा लिहावं लागलं.

पाच महिन्यांनी तिकडून एक काचपट्टी आली. मी ती कर्जतला घेऊन गेले. मामाआजोबा सूक्ष्मदर्शकावर बराच वेळ वाकून होते. डोळा बदलला, भिंग पुसलं, परत डोळा बदलला. मग खुर्चीवरून उठले.

"मला मधोमध नुसता डाग दिसतोय. तू बस. काय हाय ते सांग."

"हेल्मेट आहे," मी म्हणाले.

"काटे?"

"कंगव्यासारखे."

"मोज."

मी मोजले, चुकले, पुन्हा मोजले. मग पाय सांगितले, पायांवरचे केस, पोटाच्या वळ्या. इतकं सलग मी आजवर कुणाशी बोलले नव्हते. ते डोळे मिटून ऐकत होते. मी घाई केली की म्हणत, "सावकाश. पळून न्हाई जायची ती." थांबले की म्हणत, "पुढं?" सांगण्यासारखं सगळं संपलं, तरी मी भिंगावरून डोळा काढला नाही.